पोट्टी ऐकत नाही, नुसती पानं उलटवते!

वाचक विचारतात : लहान लेकरांची चित्रपुस्तकं आणि कविता

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की तीन ते आठ वर्षांच्या लेकरांसोबत गमतीची चित्रपुस्तकं आणि कविता कशा वाचायच्या यावर काही विचारायचं असेल तर पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, काहींनी तर आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले निवडक घेतलेत, भाषा ज्याची त्याची तशीच ठेवली आहे.

प्रश्न : ताई, माह्यी पोट्टी चार वर्साची हाय. बचत गटाच्या मीटिंगमधी एका मॅडमनं चित्राचं पुस्तक देल्लं. मी वाचून दाखवाले बसली का ते आयकतच नाई, पानं उलटवते, मधातच बोलते, पुढचं पान मांगं, मांगचं पुढं. मी सातवी शिकली हाय, माह्यं वाचनई अटकते. आन् सासरे म्हन्तात का इतल्या पैशात चारच ओळी, बाकी नुसते चित्र, हे काय पुस्तक होय काय. मी काय करू?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमची पोरगी ऐकत नाही असं तुम्हाला वाटते, पण ती वाचून राहिली आहे. चार वर्षांचं लेकरू अक्षर नाही वाचत, ते चित्र वाचते, आणि चित्राला वरून खाली, डावीकडून उजवीकडे असा काही नियम नसतो. तिला मागच्या पानावरची बकरी पुन्हा पाहायची असते कारण पुढच्या पानावर तिला बकरीचं शेपूट दिसलं आणि तिच्या डोक्यात प्रश्न आला की हे तेच शेपूट काय. म्हणून ती पान मागं नेते. याला वाचणंच म्हणतात, मोठी माणसंही कादंबरीत असंच चार पानं मागं जाऊन पाहतात की हा माणूस आधी कुठं आला होता.

ती मधात बोलते तेव्हा तुम्ही थांबा. ओळ अर्धी राहिली तर राहू द्या. ती म्हणाली "कुत्रं", तर तुम्ही म्हणा "हो, काळं कुत्रं, पळून राहिलं", बस एवढंच, तिच्या शब्दाला आपला एक शब्द जोडून द्यायचा. मग विचारा, "काहून पळत असन ते?" आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला फार कठीण जाते, आपण विचारतो आणि आपणच उत्तर देऊन टाकतो, पण लेकराला उत्तर जुळवायला वेळ लागते. तिनं बकरीला कुत्रं म्हटलं तर "चूक" म्हणू नका, म्हणा "मंग हे कुत्रं पाला काहून खाते बाप्पा?" तीच हसेल आणि तीच दुरुस्त करेल.

हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८८ साली एक अभ्यास छापला, त्यात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांना एवढंच शिकवलं होतं की नुसतं वाचून दाखवू नका, "काय दिसते, काय होईल" असे मोकळे प्रश्न विचारा आणि लेकराच्या बोलण्यात थोडी भर घालून परत म्हणा. एका महिन्यात ती मुलं बोलण्यात पुढं गेली, आणि ज्या घरी नेहमीसारखंच वाचून दाखवत होते तिथली मुलं मागं राहिली. म्हणजे फरक बोलायला जागा देण्यानं पडला. त्याला बीएड लागत नाही, सातवी भरपूर झाली.

वाचन अडकते त्याची चिंता करू नका. चार ओळींचं पुस्तक आहे, पोरगी झोपली की एकदा मनातल्या मनात वाचून ठेवा, नाहीतर ओळ सोडून द्या आणि चित्र पाहून आपल्या बोलीत गोष्ट सांगा. "मले, तुले, माह्यं" असंच सांगा. पुस्तकातली मराठी तिला शाळेत मिळणारच आहे, आईच्या बोलीतली गोष्ट तिथं नाही मिळणार.

आता सासऱ्यांचं. त्यांना वाटते की ओळी कमी म्हणजे माल कमी. पण चांगल्या चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्दात असते आणि अर्धी चित्रात, आणि खरी मजा त्या दोघांच्या मधात असते. समजा ओळ आहे "बाळू शहाण्यासारखा झोपला", आणि चित्रात बाळू गोधडीखाली डोळे टक्क उघडे ठेवून बेडूक धरून बसला आहे. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच, आणि हे फक्त पाहणाऱ्या लेकराला माहीत. त्याला इतका आनंद होते की आपल्याला खरी गोष्ट कळली! असं पुस्तक लिहायला चार पानांचा निबंध लिहिण्यापेक्षा जास्त डोकं लागते. मुलांना चित्रांतून शिकवायची कल्पनाही काल-परवाची नाही, कोमेनियस नावाच्या शिक्षकाचं लॅटिन शिकवणारं सचित्र पुस्तक युरोपात १६५८ साली छापलं होतं, म्हणजे इकडे शिवाजी महाराजांचा काळ. आणि आपल्या मराठीत माधुरी पुरंदरे आहेत, लिहितातही त्याच आणि चित्रंही त्याच काढतात, त्यांचं 'राधाचं घर' मिळालं तर नक्की पाहा. एक लहान पोरगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच, पण प्रत्येक माणूस चित्रात असा बसला-उठला आहे की लेकरू लगेच म्हणते हा तर आपला आजोबा.

पुढच्या वेळी एक करा, पुस्तक सासऱ्यांच्या हातात द्या आणि पोरीला त्यांच्याजवळ बसवा. चित्रात बैल असला, वखर असला, विहीर असली, की ते आपोआप सांगायला लागतील, त्यांच्याजवळ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त गोष्टी आहेत.

प्रश्न : माझा मुलगा रोज तेच एक पुस्तक आणतो. आम्हाला पाठ झालं, त्याला पाठ झालं, दुसरं वाचायला घेतलं की रडतो. ही सवय मोडावी का?
— एक बाबा, तेल्हारा तालुका, जि. अकोला

उत्तर : मोडू नका दादा. पुढच्या पानावर काय येणार हे आधीच माहीत असणं आणि ते खरंच तसंच येणं, यात लहान मुलाला जे समाधान वाटते ते नव्या पुस्तकात नाही. शिवाय दरवेळी तो वेगळंच काहीतरी पाहत असतो, आज गोष्ट, उद्या कोपऱ्यातली मुंगी. तुम्हाला कंटाळा आला तर एखादा शब्द मुद्दाम चुकीचा वाचा, हत्तीच्या ठिकाणी म्हैस म्हणा. तो ओरडून दुरुस्त करेल, मग तोच तुम्हाला वाचून दाखवायला लागेल. नवं पुस्तक बाजूला नुसतं ठेवून द्या, जबरदस्ती नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवतो. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या गमतीच्या बालकविता वर्गात वाचतो, पोरं खूप हसतात, पण "या कवितेतून काय समजलं?" विचारलं की सगळी चूप. एक-दोन पालक म्हणाले की सर, याला काही अर्थ नाही, पोरांना संस्कार देणाऱ्या कविता घ्या. भुताखेतांच्या कवितांनाही त्यांची हरकत आहे. काय करावं?
— एक शिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : सर, पहिली गोष्ट, तो प्रश्नच विचारू नका. पोरगं पोट धरून हसलं तेव्हाच त्याला कविता समजली. त्यानंतर आपण "तात्पर्य काय" विचारलं की त्याला वाटते अरे, ही तर परीक्षा होती, मी उगाच हसलो. पुढच्या वेळी ते हसायच्या आधी सरांच्या तोंडाकडे पाहते. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण कविता आवडणारी पोरं आपण अशीच गमावतो, आणि तेही चांगल्या हेतूनं.

विचारायच्या ऐवजी खेळा. पहिल्या दिवशी फक्त म्हणून दाखवा, हातात पुस्तक असलं तरी डोळे पोरांकडे. दुसऱ्या दिवशी यमकाचा शब्द आला की थांबा, पोरं तो शब्द फेकतील. मग अर्धा वर्ग एक ओळ, अर्धा वर्ग दुसरी. मग टाळ्या, बाकावर ठेका, मग कोणी वानर होते कोणी मांजर होते. शेवटी शब्द बदला, कवितेत कावळा असेल तर तिथं कोंबडी घालून पाहा, यमक मोडलं की पोरांना लगेच टोचते आणि ती दुसरा शब्द शोधतात. इथं खरं शिक्षण होऊन राहिलं आहे. शब्दाचा शेवट कानानं पकडणं, हा आवाज आणि तो आवाज सारखा आहे हे ओळखणं, वाचायला शिकण्याचा हा पाया आहे. ज्या पोराचा कान यमकावर तयार झाला त्याला काना-मात्रा-वेलांटीचा फरक लवकर ऐकू येते, आणि ऐकू आला की लिहिताना सापडते.

आता "अर्थ नाही" म्हणणाऱ्या पालकांसाठी. चार वर्षांच्या पोराला सांगून पाहा की गाढवानं झाडावर चढून अंडं दिलं. ते हसते, कारण त्याला पक्कं माहीत आहे की गाढव अंडं देत नाही. ज्याला हे माहीत नाही ते हसणारच नाही. रशियातले कवी कोर्नेई चुकोव्हस्की यांनी लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की उलटंपालटं बोलून मूल आपलं ज्ञान पक्कं करते. बंगालीत सुकुमार राय यांचा 'आबोल ताबोल' १९२३ साली आला, आज शंभर वर्षं होऊन गेली, बंगाली घरात अजून म्हणतात. आणि आपल्याकडे विंदा करंदीकर. ज्या माणसाला ज्ञानपीठ मिळालं, ज्यानं मोठ्यांसाठी इतकी गंभीर कविता लिहिली, त्यानंच १९६१ मध्ये 'राणीची बाग' लिहिलं, १९६३ मध्ये 'एटू लोकांचा देश' लिहिलं, आणि पुढंही मुलांसाठी लिहीतच राहिले. त्यांच्या कविता मोठ्यानं वाचल्या की कळते, गंमत वेडीवाकडी आहे पण ठेका कुठंच घसरत नाही. इतक्या मोठ्या कवीनं लेकरांच्या हसण्यासाठी एवढी मेहनत घेतली, तर आपण त्याला बिनकामाचं कसं म्हणायचं?

पालकांना आणखी एक सांगा, आणि हे नक्की पटेल. पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी राहिली की झडत्या कोण म्हणते? हेच बाप लोक! एकानं झडती टाकली की दुसरा तिच्यावर चढवते, सावकाराची टिंगल, पुढाऱ्याची टिंगल, कापसाच्या भावाची टिंगल, यमकाला यमक, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव". दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडाचे नंदी घेऊन पोट्टे निघतात, त्यांच्या तोंडीही झडत्या असतात. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखायचा खेळ चालते. ही सगळी कविता आहे, खेळातली, ठेक्यातली, सोबत म्हणायची. वऱ्हाडातल्या पोराला गमतीची कविता बाहेरून आणून शिकवावी लागत नाही, ते त्यातच वाढलेलं असते, आपण फक्त छापलेलं पुस्तक त्याच्या शेजारी नेऊन ठेवायचं. वर्गात झडती-स्पर्धा घेऊन पाहा, विषय पोरांना निवडू द्या, मधली सुट्टी, खिचडी, चपला हरवणं, आणि पालकांना ऐकायला बोलवा. तोच हरकत घेणारा बाप उठून झडती म्हणेल याची मला खात्री वाटते.

भुतांबद्दल : घ्या. विंदांची पिशीमावशी तर भुताखेतांच्याच दुनियेतली आहे. पोरांना हडळ, चकवा, मुंजा घरी ऐकायला मिळतातच, आणि तिथं ते रात्रीच्या अंधारात, भीती दाखवायला सांगितलेले असतात. कवितेतलं भूत दिवसाउजेडी, सगळ्यांसोबत, हसायला असते. ज्याला आपण हसलो त्याची भीती जरा उतरते. फक्त एखादं पोरगं हसत नसेल, अंग चोरून बसलं असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या, त्याला भुताचा रोल द्या, म्हणजे घाबरवायचं काम त्याच्याकडे येईल.

प्रश्न : माझी अंगणवाडी मेळघाटात आहे. मुलं कोरकू बोलतात, मला कोरकू तोडकंमोडकं येते, मदतनीस कोरकूच आहे. मराठी पुस्तक वाचलं की मुलं नुसती पाहत राहतात, काही बोलत नाहीत. बाहेरून पाहायला येणारे म्हणतात मुलं मंद आहेत. मला ते ऐकून वाईट वाटते. कोणती पुस्तकं वापरू?
— अंगणवाडी सेविका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : ताई, मुलं मंद नाहीत, हे त्या पाहुण्यांना ठामपणे सांगा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तिचे नातेवाईक झारखंडकडच्या संथाली, मुंडारी या भाषा, मराठीशी तिचं घराणंच जुळत नाही. आपल्याला हिंदी ऐकून अर्धी कळते कारण ती मराठीची बहीण आहे, कोरकू लेकराला मराठीचा तसा काहीच आधार नसते. तीन वर्षांच्या पोरासमोर एकदम परकी भाषा आली तर ते गप्प बसून ऐकणार, दुसरं करणार काय.

म्हणून सुरुवात शब्दांपासून नकोच, चित्रापासून करा. ज्यात एकाच पानावर बाजार, घर, रस्ता असं भरगच्च चित्र असते आणि त्यात शोधायला खूप काही असते अशी पुस्तकं घ्या, माधुरी पुरंदऱ्यांचं 'चित्रवाचन' त्याच कामाचं आहे. पुस्तक मदतनीस ताईंच्या हातात द्या आणि त्यांना कोरकूत बोलू द्या, मुलं कोरकूतच उत्तरं देतील, आणि तुम्ही मुलांमध्ये खाली बसून शिका. सेविका आपली भाषा शिकून राहिली हे पाहून मुलांना जो आनंद होते तो वेगळाच असते. मग त्या गोष्टीतली एकच ओळ मराठीत ठेवा, परत परत येणारी, ठेक्याची, जसं "कोण आलं, कोण आलं, दार उघडा कोण आलं", बाकी गोष्ट कोरकूत. मुलं ती ओळ गाण्यासारखी उचलतात, आणि मराठी त्यांच्या तोंडात भीतीशिवाय येते.

याच्याही पुढं जाऊन, पुस्तकं तुम्हीच करा. मुलांनी काढलेली चित्रं, मोहफुलं वेचणारी आई, सिपना नदी, बांबू, कोंबडी, अस्वल, काहीही, आणि त्याखाली मूल जे बोललं ते कोरकू वाक्य देवनागरीत, तसंच्या तसं, आणि खाली लहान अक्षरात मराठी. गावातल्या एखाद्या आजीला बोलवून गोष्ट सांगायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, तिच्या एका गोष्टीतून एक पुस्तक होते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर जी पुस्तकं आहेत त्यांचा परवानाच असा मोकळा आहे की मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून तुम्ही भाषांतर करू शकता, म्हणजे त्याच चित्रांखाली कोरकू ओळ लिहून चिकटवली तरी चालते.

एक मात्र. "आदिवासी मुलांना फक्त जंगलाचीच पुस्तकं द्या" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करायची हे बरोबर, पण समुद्र, आगगाडी, देवमासा, बर्फ यांच्यावर मेळघाटातल्या पोराचाही तेवढाच हक्क आहे.

प्रश्न : नात साडेपाच वर्षांची आहे, दिवसभर मोबाईलवर गाणी पाहते. मला तिला पुस्तकं आणून द्यायची आहेत पण आमच्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइड आणि पेन. एसटी स्टँडवर मिळतात त्या चित्रांच्या पुस्तकात छपाईच्या चुका फार. कुठून आणावी, कशी निवडावी?
— एक आजोबा, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : काका, आधी फुकटचं सांगते. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन टाकले आहेत, कोणीही उघडून वाचू शकते. ते जरा मोठ्या मुलांचं मासिक आहे, पण जुन्या अंकांतल्या कविता आणि चित्रं साडेपाच वर्षांच्या नातीसोबत वाचायला फार छान, आणि तुमच्या मुलानं-मुलीनं लहानपणी वाचलेला एखादा अंकही सापडून जाईल. दुसरं स्टोरीवीव्हर, वर लिहिलंच आहे, तिथं मराठी निवडा आणि पातळी एक किंवा दोन घ्या, पीडीएफ उतरते. तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरतात त्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून मधात शिवून घेतली की पुस्तक तयार. सगळंच रंगीत काढायला परवडत नसेल तर काळं-पांढरं काढा आणि नातीला रंगवू द्या, मग ते पुस्तक तिचंच होते.

विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली मराठी पुस्तकं खिशाला परवडतात आणि चित्रं चांगल्या चित्रकारांची असतात. ज्योत्स्ना प्रकाशन पुण्यामुंबईचं आहे पण पुस्तकं मागवता येतात, चेन्नईचं तूलिका मराठीतही काढते. जिल्ह्याच्या ठिकाणी दरवर्षी ग्रंथोत्सव भरते, तिथं नातीला घेऊनच जा, तिला हाताळू द्या.

आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय विसरू नका. आपल्या राज्यात १९६७ सालापासून ग्रंथालयाचा कायदा आहे, मान्यता असलेल्या वाचनालयाला अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते, त्यातून पुस्तकं घेतात. तिथं बहुतेक कादंबऱ्या, पोथ्या आणि स्पर्धा परीक्षा असतात हे खरं, पण तुम्ही सभासद होऊन लेखी मागणी द्या की बालविभागात अमुक अमुक चित्रपुस्तकं घ्या, यादीच द्या. तुमच्यासारख्या चार आजोबांनी सही केली तर ग्रंथपालाला ते बाजूला ठेवता येणार नाही.

निवडायची कशी ते सोपं आहे. उभ्या उभ्या दोन पानं मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली, यमक ओढूनताणून बसवलेलं वाटलं, तर ठेवून द्या. चित्रातली सगळी माणसं गोरीपान आणि एकाच चेहऱ्याची असली तर ठेवून द्या. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात "बोध" लिहिला असेल तर मी तर ठेवूनच देते. आणि चित्रात दुसऱ्यांदा पाहिल्यावर काहीतरी नवं दिसलं, तर घ्या.

मोबाईल हिसकावू नका, त्यानं भांडणच होते. तिच्या आवडत्या गाण्याचा आवाज बंद करा आणि तुम्ही म्हणा, चुकीचं म्हणा, ती शिकवेल. तिथून पुस्तकाकडे यायला वेळ लागत नाही, कारण तिला मोबाईलमध्ये जे नाही मिळत ते तुमच्याजवळ आहे, मोबाईल तिच्या प्रश्नाला थांबत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या लहान भावासाठी मला स्वतः चित्रांचं पुस्तक बनवायचं आहे. कविता पण मीच करणार. कसं करू? मला चित्रं फार चांगली येत नाहीत.
— एक विद्यार्थिनी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला गं! चार कोरे कागद घे, एकात एक ठेवून मधात घडी घाल, सोळा पानं झाली. पहिलं कव्हर, शेवटचं मागचं कव्हर, मधात चौदा उरली. चौदा पानांत एकच गोष्ट बसव, फार लोकं आणू नको. आधी पेन्सिलनं प्रत्येक पानावर एकच शब्द लिही की इथं काय होणार, आणि गंमत नेहमी पान उलटल्यावर येऊ दे. उजव्या पानाच्या शेवटी प्रश्न ठेव, "आणि मडक्यातून निघालं...", उत्तर पुढच्या पानावर. भाऊ स्वतः पान उलटेल, तुला सांगावं लागणार नाही.

चित्रं येत नाहीत म्हणतेस तर अंगठ्याचे ठसे घे, हळद, शाई, काजळ काहीही चालते, ठशाला पाय काढले की कोंबडी, शेपूट काढलं की उंदीर. जुन्या लग्नपत्रिका, बियाण्याच्या पाकिटावरची रंगीत चित्रं कापून चिकटव. वाळलेली पानं चिकटव. धानाची तूस चिकटवली तर हात लावून पाहायलाही मजा येईल.

कवितेसाठी, मोठे विषय नको. तुमच्या घरातलं, शेतातलं एक काहीतरी घे आणि त्याला नको तिथं नेऊन बसव. मी पत्र वाचता वाचता एक करून पाहिली, आमच्या वऱ्हाडीत, तू तुमच्या झाडीबोलीत कर :

पऱ्हाटीले लागले भजे,
वान्नेर म्हणे, सारे माझे!
मांजर म्हणे, चटणी आण,
भज्याले फुटले दोन कान!
कान हालवत भजं पळालं,
कोनं खाल्लं? कोनाले कळालं?

तुमच्याकडे पऱ्हाटीच्या ठिकाणी धान घे, बोडीतला मासा घे, भज्याच्या ठिकाणी काय येईल ते तूच ठरव. लिहून झाली की टाळी वाजवत म्हण, जिथं टाळी चुकते तिथं एखादा शब्द जास्त झाला आहे, तो काढ. अक्षरं मोठी काढ आणि चित्रावर लिहू नको, बाजूला जागा सोड. मग भावाला वाचून दाखव आणि त्याच्या तोंडाकडे पाहा, ज्या पानावर तो दुसरीकडे पाहायला लागला ते पान बदलून टाक, आणि जे पान तो परत उघडते त्याला हात लावू नको. पानं जाड दोऱ्यानं शिव, स्टेपलची पिन लहान्यांच्या बोटाला लागते. झालं की फोटो काढून आम्हाला पाठव, पण कविता तुझ्या बोलीतच ठेव, शाळेच्या भाषेत करू नको.